आज कुठनं जातेस गो

शिमग्यापासून दिवाळीपर्यंत एक माणूस माझ्या मागनं चालत होता. दमला नाही, कंटाळला नाही. मी आता म्हातारी झाले, गुडघे धरले, तरी रस्त्यात मागे कुणाच्या चपला फरफटल्या की मी बाजूला थांबते आणि त्याला आधी पुढे जाऊ देते. लोकांना वाटतं, म्हातारी दम खातेय. वाटू दे.

चाळीतल्या पोरी माझ्याकडं येतात. एक जण मागे येतो, काय करू, असं हळूच विचारतात. माझ्याकडंच का, तर मी ‘तूच काहीतरी केलं असशील’ असं म्हणत नाही. जे सांगते ते सगळं मला गिरणीतल्या आमच्या नायकिणीनं शिकवलं. फक्त एक गोष्ट तिनं शिकवली नव्हती, ती माझ्या सख्ख्या भावानं शिकवली. त्याचा राग माझ्या डोक्यात अजून आहे. इतकी वर्षं झाली, आता सोड, असं सांगणारे भेटतात. का सोडू? त्यांच्या मागनं कोण चाललं होतं?

प्लेगची साथ यायच्या आधीची गोष्ट. माझं लग्न लहानपणीच झालं होतं आणि नवरा गावीच तापानं गेला. पदरात मूल नव्हतं. सासरी मी शेणामातीतच मरायची, पण दादा मुंबईहून आला आणि मला बोटीनं घेऊन गेला. धक्क्यावर उतरल्यावर माझं गाठोडं त्यानं आपल्या डोक्यावर घेतलं. “नवरा गेला, भाऊ आहे अजून,” म्हणाला. लहानपणी भरतीच्या वेळी खाडी ओलांडायची तर हाच मला खांद्यावर घ्यायचा. त्या गाठोड्याकडं बघत मी लालबागेपर्यंत चालत आले आणि मला काही म्हणता काही भीती वाटली नाही.

दादा गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर, विणकर. चाळीतली एक खोली, त्यात दादा, वहिनी आणि मी. मला परळच्या एका गिरणीत काम लागलं, रीळ खात्यात. सुताच्या लडी करायच्या. त्या खात्यात सगळ्या बायकाच, आणि त्यांच्यावर एक नायकीण. बायकांना कामावर घेणारी तीच आणि ओरडणारीही तीच. पलीकडच्या चाळीत राहायची. जाडजूड बाई, तोंडात सदा तंबाखू. पहिल्या दिवशीच म्हणाली, “हात चालव, तोंड मी चालवते.”

सकाळी पुरुषांचा भोंगा आधी व्हायचा. दादा भाकरी फडक्यात बांधून घ्यायचा आणि उंबऱ्यातनं मागे वळून विचारायचा, “आज कुठनं जातेस गो?” मी सांगायची, मोठ्या रस्त्यानं किंवा तळ्याकडनं. “संभाळून जा,” म्हणायचा आणि निघायचा. सासरी मी मेले की जगले ते कुणी विचारत नव्हतं. इथं माझा भाऊ रोज माझी वाट विचारत होता, त्याचं मला केवढं अप्रूप होतं.

शिमगा झाला आणि तो माणूस दिसायला लागला. आमच्याच गावचा, वरच्या वाडीतला. दादाच्या गिरणीत बदलीवर होता, म्हणजे कुणी आलं नाही तरच काम, पण त्याचा मामा जॉबर, माणसं कामाला लावणारा, त्यामुळे काम असलं काय, नसलं काय, त्याला कोण विचारतो? आधी वाटलं, वाट एकच म्हणून दिसतो. मग मी भाजीवाल्याजवळ थांबले, तर तोही थांबला. मी चालले, तोही चालला. मग एक दिवस अगदी पाठीशी येऊन म्हणाला, “उन्हाची एकटी जातेस, लाडू खातेस?” त्याच्या हातात पुडी होती. मी पळत सुटले आणि थेट खोलीत जाऊन कडी लावली.

दुसऱ्या दिवशी लडी तुटायला लागल्या तेव्हा नायकिणीनं माझा हात धरला. मी रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, ही आता मलाच झापणार. झापलंच, पण वेगळ्याच कारणासाठी.

“घरी कशाला पळालीस? त्याला दार दाखवलंस ना? मागे कोणी असलं की घरी जायचं नाही. दुकानात शिरायचं, देवळात शिरायचं, माझ्याकडं यायचं. जिथं चार माणसं असतील तिथं जाऊन उभं राहायचं.”

मग तिनं एकेक करून सांगितलं, तेही काम चालू असताना, लडीवरची नजर न काढता. त्याला एकदाच बोलायचं, साक्षीला बायका असताना, मोठ्यानं, की माझ्या मागे येऊ नको. त्यानंतर एक अक्षर नाही. शिवीसुद्धा द्यायची नाही, कारण शिवी दिलीस तरी त्याला वाटतं, बोलली. त्यानं दिलेलं घ्यायचं नाही, खाण्याचं तर मुळीच नाही. रोज एकाच वाटेनं, एकाच वेळेला जायचं नाही. एकटीनं जायचं नाही. रस्त्यातल्या लोकांना त्याचा चेहरा दाखवून ठेवायचा. लाजून गप्प बसलीस की त्याचं फावतं. “आणि काय काय झालं ते मला रोज सांगायचं,” म्हणाली. “उद्या पंचांपुढं गेलीस तर तू रडशील. मी रडणार नाही. मी सांगेन.”

तिचं म्हणणं मी अक्षरन् अक्षर पाळलं. गिरणीच्या दारात, सगळ्या जणी सुटताना, त्याला मोठ्यानं सांगितलं. आवाज कापत होता, पण सांगितलं. तो हसला. त्यानंतर आम्ही तिघी-चौघी मिळून जायला लागलो, मी मधे. फुलवालीला सांगितलं, गिरणीच्या पहारेकऱ्याला सांगितलं, कोळशाच्या वखारीतल्या म्हाताऱ्याला सांगितलं. तो म्हातारा तर हा माणूस दिसला रे दिसला की “आला गं बाय” म्हणून हाक द्यायचा. चारचौघांत स्वतःची लाज अशी उघडी करायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. पण केलं.

आणि वाटा बदलल्या. आज मोठा रस्ता, उद्या भोईवाड्याकडनं, परवा तळ्याच्या काठानं, कधी गोठ्यांच्या मागनं, शेणात पाय बरबटवत. पण काय चमत्कार, जाईन तिथं तो आधीच हजर. मागे नाही, पुढे. माझी वाट बघत उभा. तळ्याच्या पायऱ्यांवर विडी ओढत बसलेला, नाहीतर भोईवाड्याच्या तोंडाशी. जोडीदारणी म्हणायला लागल्या, याला काही विद्या येते. एक जण तर माझ्यासाठी अंगारा घेऊन आली. मी तो लावला. काय करणार?

दादाला मी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा. “बघतो मी,” म्हणायचा. पावसाळा गेला तरी त्याचं बघून होईना, तेव्हा नायकीण मला नाक्यावरच्या चौकीत घेऊन गेली. हवालदारानं विचारलं, घरचा पुरुष कुठाय? मी म्हटलं, भाऊ आहे. म्हणाला, त्याला घेऊन या. संध्याकाळी दादाला घेऊन गेले. दादानं टोपी काढली, हात जोडले आणि म्हणाला, “काही नाही साहेब, बायकी गैरसमज आहे. माणूस आमच्याच गावचा. मीच सांगितलंय त्याला, बहिणीवर जरा लक्ष ठेव. राखणीला असतो.”

परत येताना विचारलं, असं का सांगितलंस? म्हणाला, “चौकीत नाव गेलं की बदनामी बाईची होते, त्याची नाही. म्हणून वेळ मारून नेली.” मला ते पटलं. मला पटलं, काय म्हणावं! उलट वाटलं, माझी अब्रू झाकायला बिचारा खोटं बोलला. चाळीतल्या गाववाल्यांनाही त्यानं तेच सांगितलं. ते सगळे मान डोलवायला लागले, की बघा, गावचा माणूस कसा उपयोगी पडतो. आमच्या लोकांचं हे असंच. गाव एक म्हटलं की त्याला कुणाच्या चुलीपर्यंत मोकळं रान, आणि त्याच्यावर संशय घेणं म्हणजे गावालाच शिवी. मीसुद्धा त्यातलीच.

नवरात्राच्या सुमारास नायकिणीनं एक दिवस हातातलं काम ठेवलं. तंबाखू थुंकून आली आणि म्हणाली, “विद्याबिद्या काही नाही. तुझी वाट त्याला कोणीतरी सांगतंय. सकाळी तू कुणाकुणाला सांगतेस?”

मी म्हटलं, तुला, वहिनीला आणि दादाला.

“मग उद्या तिघांना तीन वाटा सांग.”

मला त्या रात्री झोप लागली नाही. देवाला हात जोडले की वहिनी असू दे. खरं सांगते, मनापासून मागणं केलं. वहिनीशी माझं फारसं कधी जुळलं नव्हतं. भाकरी जाड झाली म्हणून, नळावर उशीर झाला म्हणून ती टोमणे मारायची. ती निघाली असती तर मी चार शिव्या दिल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या आणि दादाच्या गळ्यात पडून रडले असते. नाहीतर नायकीण असू दे. काम सोडलं असतं. कुणीही असू दे, म्हटलं.

सकाळी दादानं उंबऱ्यातनं विचारलं, “आज कुठनं जातेस गो?” मी म्हटलं, तळ्याकडनं. तो गेल्यावर वहिनीला सांगितलं, भोईवाड्याकडनं. नायकिणीला म्हटलं, मोठ्या रस्त्यानं. आणि आम्ही गेलो गोठ्यांच्या मागनं. तिथनं वळून आमच्यातल्या दोघी जणी तिन्ही ठिकाणी नजर टाकून आल्या.

तो तळ्यावर होता. पायऱ्यांवर बसून विडी ओढत होता.

मी म्हटलं, योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी उलटं केलं. दादाला सांगितलं भोईवाडा. तो भोईवाड्याच्या तोंडाशी उभा. तिसऱ्या दिवशी मी काही बघायला गेलेच नाही. रिळापुढं उभी राहिले आणि हात चालवत राहिले. नायकिणीनं त्या दिवशी मला कशालाच टोकलं नाही.

त्या संध्याकाळी वहिनी मासे साफ करत बसली होती. तिच्यापुढं जाऊन बसले आणि म्हटलं, वहिनी, दादा त्याला माझी वाट का सांगतो? तिच्या हातातला मासा परातीत पडला. मग खालच्या मानेनं बोलत गेली.

आमच्या कुणब्यांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिला दुसरं घर करता येतं. त्यात लाज नाही. पण बाईला विचारतात तरी. मला न विचारता दादानं शिमग्यालाच त्याला शब्द देऊन टाकला होता. त्याच्या मामाच्या हातात दादाचा साचा होता, पुढं दादालाही जॉबरकी मिळेल अशी आशा होती. तो माणूस मात्र म्हणाला, गिरणीतल्या बायांचा काय भरवसा? मी आधी तिची चाल बघतो. कुणाशी बोलते, कुणाशी हसते, लाडू दिला तर घेते का. आणि माझ्या भावानं त्याला म्हटलं, बघ. खुशाल बघ. रोज सकाळी गिरणीच्या दारात त्याला माझी वाट सांगत गेला, म्हणजे त्याला बघायला सोपं जावं.

“आणि सुकट?” मी विचारलं, कारण वहिनीची मान आणखी खाली गेली होती. पावसाळाभर आमच्याकडं सुकट येत होती, आमसुलं येत होती, गावाहून कुणी आणलं म्हणून. मी मिटक्या मारत खाल्लं होतं.

“त्यानंच दिली,” वहिनी म्हणाली. “मला बोलायची चोरी गो. तुझा दादा म्हणाला, तोंड उघडलंस तर माहेरी धाडीन.”

मोरीपाशी जाऊन चूळ भरत बसले. ज्या माणसाच्या हातचं घ्यायचं नाही म्हणून मी रस्त्यात जीव मुठीत धरून पळत होते, त्याचंच माझ्या ताटात वाढलं जात होतं, आणि वाढून घेणारा माझा भाऊ. त्या माणसाचा राग आला तो आलाच. पण तो परका होता. खांद्यावर बसवून खाडी ओलांडणारा तो नव्हता.

वहिनीनं आणखी एक सांगितलं. आता त्याचं बघून झालं होतं, मी पसंत होते. भाऊबीजेला दादा त्याला फराळाला बोलावणार होता. गावची वडीलधारी माणसं खोलीत असतील, तेव्हा तो चोळीचा खण आणून पुढं ठेवणार आणि दादा सर्वांसमक्ष हो म्हणणार. एकदा चारचौघांत खण पुढं आला की मी नाही म्हटलं तर दादाचं नाक कापलं जाणार, आणि मला गावी, त्या सासरच्या गोठ्यात, परत जावं लागणार.

मी नायकिणीला सांगितलं. ती तंबाखू मळता मळता म्हणाली, “तो तुझी राखण करतो असं तुझ्या दादानं सगळ्यांना सांगितलंय ना?” मी म्हटलं, हो. “मग राखण कोण करतो? भाऊच करतो,” म्हणाली आणि हसायला लागली. मला कळायला थोडा वेळ लागला.

भाऊबीजेला खोली भरली होती. करंज्या, पोहे, गावचे तीन-चार म्हातारे, दारात गॅलरीतल्या बायका, त्यांच्यात नायकीण. तो कडक धुतलेला सदरा घालून आला. काखेत कागदात गुंडाळलेला खण. दादानं टोपी नीट केली आणि पाटावर बसायला निघाला, कारण दरवर्षी मी आधी त्यालाच ओवाळायची. आमच्यात भावाला ओवाळायला विधवेलाही कुणी अडवत नाही.

मी ताट घेऊन उभी राहिले. म्हटलं, “दादा, थांब. आधी पाहुण्याला.”

दादाला वाटलं, मान देते आहे. तोही खूश होऊन पाटावर बसला. मग मी म्हाताऱ्यांकडं तोंड केलं आणि मोठ्यानं बोलले. गिरणीच्या दारात बोलले होते तेव्हापेक्षा आवाज बरा लागला. म्हटलं, “दादानं तुम्हां सर्वांना सांगितलंच आहे. चौकीतही सांगून आलाय. हा गावचा माणूस शिमग्यापासून माझ्या मागनं चालतोय, माझी राखण करायला. उन्हात उभा राहिला, पावसात उभा राहिला. सख्खा भाऊ करणार नाही एवढं यानं केलं. तर आजपासून हा माझा भाऊ.”

आणि त्याला काही सुचायच्या आत त्याच्या कपाळावर कुंकू लावलं, तांदूळ चिकटवले आणि ओवाळलं.

तो उठायला लागला होता. पण उठून बोलणार काय? राखण नव्हती तर मग काय होतं, हे गावच्या म्हाताऱ्यांना सांगावं लागलं असतं. तो तसाच बसला, तोंड उघडं. दादाचा चेहरा मातीसारखा झाला. सगळ्यांत म्हातारा होता त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, “वा पोरी. बघतोस काय रे, ओवाळणी घाल की. काखेत खण आहे ना? बहिणीला खणच द्यायचा असतो.”

त्यानं खण ताटात ठेवला. दारात नायकिणीनं पदर तोंडात कोंबला होता. पुढं त्या खणाची तिनं रीळ पुसायची फडकी केली. आणि तो माणूस त्यानंतर रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूला जायचा, कारण लालबागेतलं पोर न् पोर त्याला विचारायचं, बहीण कशी आहे म्हणून.

तो पाटावरनं उठला तेव्हा दादा येऊन बसला. सवयीनं बसला असेल, किंवा चार माणसांत कसं दिसेल म्हणून. टोपी सारखी केली, मान थोडी पुढं केली. ताटात दिवा जळत होता. कुंकू होतं, तांदूळ होते. मी त्याच्याकडं बघितलं. खाडी आठवली, गाठोडं आठवलं, सगळं आठवलं. मग ताट वहिनीच्या हातात दिलं आणि करंज्या वाढायला गेले.

त्याच संध्याकाळी माझी दोन लुगडी आणि भांडं नायकिणीच्या खोलीत नेऊन ठेवलं. रात्र कशीबशी दादाकडं काढली. सकाळी पुरुषांचा भोंगा झाला. दादानं भाकरी बांधली, उंबऱ्यापाशी गेला आणि मागे वळला. डोळे लाल होते त्याचे. काय विचारावं ते त्याला कळेना, आणि मग जे रोज विचारायचा तेच तोंडातनं निघालं.

“आज कुठनं जातेस गो?”

मी त्याला सांगितलं नाही. पुन्हा कधीच सांगितलं नाही.